पांढऱ्या हायसिंथचा पिवळा कोपरा

“मी वेडी आहे की नाही, एवढंच सांगा. पण चार वाजायच्या आत.”

म्हातारीने काठी टेबलाला टेकवली आणि खुर्चीत अशी बसली, जणू निकाल घेतल्याशिवाय उठायचंच नाही. घड्याळात अकरा वाजत होते.

वहिनींची खोली म्हणजे त्यांच्या वडिलांचं पाट्या रंगवायचं जुनं दुकान. वडील गेले, पाट्या गेल्या. जवसाच्या तेलाचा वास मात्र भिंतींनी अजून धरून ठेवला होता. त्याच वासात बसून वहिनी आता लोकांच्या चोऱ्या आणि लबाड्या उकलत. सोबतीला धाकटे दीर, विमा कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांना सगळे भाऊजीच म्हणत. भाऊजी शब्दन्‌शब्द टिपून घेत आणि टिपलेल्यातलं त्यांना काही कळलंय, असा प्रसंग फारसा येत नसे.

“वेड तपासायला डॉक्टर लागतो हो, आजी,” भाऊजी म्हणाले.

“डॉक्टरच येतोय चारला. म्हणून तर तुमच्याकडे आले. आणि आजी नको, मला सगळे आत्या म्हणतात.”

आत्यांनी चाळीस वर्षांत एकतीस तैलचित्रं जमवली होती. सगळी वसंतातल्या फुलांची. ट्यूलिप, नर्गिस आणि सगळ्यांत जास्त हायसिंथ, कांद्यातून उगवणारं ते सुवासिक घोसाचं फूल.

“लोक सोनं घेतात, मी फुलं घेतली,” त्या म्हणाल्या. “पलंगासमोर पांढरा हायसिंथ आहे. सकाळी डोळा उघडला की आधी तो दिसतो. मी आणि तो, आम्ही दोघंच घरात असायचो तेव्हा मी त्याला म्हणायचे,

फूल गं पांढरं माझं, त्याला पहाटेचं पाणी,
दिस उजाडे मागून, आधी फुलाची कहाणी.”

मग त्यांचा आवाज खाली आला. “हिवाळ्यात पडले. खुब्याचं हाड मोडलं. चार महिने दवाखान्यात होते. गेल्या महिन्याच्या सात तारखेला घरी आले, समोर बघते तर फूल पिवळं! जुन्या दातासारखं. मी ओरडले, हे माझं चित्र नव्हे, कुणीतरी बदललंय.”

“आणि बदललं नव्हतं?” वहिनींनी विचारलं.

“प्रत्येक चित्र घेतलं की त्याच्या कापडाच्या कडेला मी निळ्या दोऱ्याने एक टाका घालते. माझा टाका मी अंधारातही ओळखेन. फ्रेमवाल्याने डॉक्टरांसमोर मागची बाजू उघडून दाखवली. टाका माझाच होता. त्या दिवसापासून चित्राकडे पाठ करून झोपायला लागले. गेल्या आठवड्यात धीर करून वळले.” आत्यांनी ओठ घट्ट मिटले. “फूल पांढरं. पहिल्यासारखं. म्हटलं, चोराने परत आणून लावलं. पुन्हा उघडलं. पुन्हा टाका माझाच.”

त्यांनी पिशवीतून डॉक्टरांचा कागद काढला. भाऊजींनी मोठ्याने वाचला. “नोंदणी, गेल्या महिन्याची तीन तारीख. कळवणारा, भाचा. तक्रार, चित्र बदलल्याचा भ्रम, रंगांविषयी संशय.”

“आज डॉक्टरने सही केली की घर, चित्रं आणि मी, सगळं भाच्याच्या ताब्यात. मला वृद्धाश्रमात ठेवणार आहेत. तिथे भिंतीला खिळा ठोकू देत नाहीत.” त्या थांबल्या. “पण मी खरंच वेडी असेन तर मुकाट्याने जाईन. म्हणून विचारते.”

वहिनींनी चष्मा पुसला. “चला, फूल बघू.”

*

आत्यांची खोली वरच्या मजल्यावर होती. एका बाजूला जमिनीपासून छतापर्यंत खिडकी, आणि खोलीत नुसतं ऊन. दहा चित्रं होती. मधोमध पांढरा हायसिंथ, त्याच्या शेजारी निळा. निळा इतका स्वच्छ, की आकाशाने उसना मागावा. पांढऱ्या चित्राच्या चौकटीत, खालच्या कोपऱ्यात, एक शुभेच्छापत्र खोचलेलं होतं. ‘लवकर बरी हो, आमची लाडकी आत्या!’

“मी घरी आले त्या सकाळी भाच्याने खोचलं,” आत्या म्हणाल्या. “काढलं तर त्याला वाईट वाटेल म्हणून राहू दिलंय.”

टेबलावर खरे हायसिंथही होते. देठ सडून बुळबुळीत झाले होते, पाण्यावर साय धरली होती. गोड सुगंध आणि कुजका वास एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसले होते. भाऊजींनी नाकाला रुमाल लावला. वहिनी चित्रापाशी वाकल्या, नखाने शुभेच्छापत्राची कड किंचित उचलली आणि तशीच सोडून दिली. त्यांचा चेहरा आंबट झाला.

“वास असह्य आहे ना?” भाऊजी म्हणाले.

“हो. फार,” वहिनी म्हणाल्या. त्या फुलदाणीकडे बघत नव्हत्या.

तेवढ्यात भाचा आला. चाळिशीचा, गुळगुळीत, आवाजात पाक. “आत्या, एकटी कुठे गेली होतीस गं? माझा जीव टांगणीला लागला.” त्याने नॅपकिन घेतला आणि तिचं तोंड पुसलं. तोंडाला काही लागलेलं नव्हतं. आत्या लहान मुलीसारख्या मान वर करून बसल्या होत्या. वहिनींनी नजर चित्राकडे वळवली.

“हे चित्र हिवाळ्यात कुठे हलवलं होतं?” त्यांनी विचारलं.

“छे! त्या खिळ्यावरून तसूभर हललं नाही. तिच्या माघारी खिडकी रोज उघडी ठेवायची, अशी माझी सक्त ताकीद होती. आत्याची खोली म्हणजे आमचं देवघर.” त्याने डोळे पुसले. ते कोरडेच होते.

भाचेसून जिन्यात भेटली. हातात बादली, कपाळावर आठी.

“तुमचं काय मत आहे आत्यांबद्दल?” वहिनींनी विचारलं.

“हट्टी आहेत. गेल्या तर माझे दिवसाला वीस जिने वाचतील. लिहा तसं.” भाऊजींनी लिहिलं. “फुलं कसली, कांदे आहेत ते! कांद्यांच्या चित्रांपुढे काय डोळे लावायचे?”

“हिवाळ्यात त्या खोलीत कोण जायचं?”

“मीच. सकाळी खिडकी उघडायची, कुंडीला पाणी घालायचं, परत फिरायचं. भिंतीवर कांदे नऊ की दहा, मला काय ठाऊक? मोजायला मी काय बाजारात बसलेय?”

बाहेर आल्यावर भाऊजी कुजबुजले, “वहिनी, हीच! तोंड बघा तिचं. आत्या जाव्यात असं उघड म्हणते.”

“जी उघड म्हणते तिला लपवायची गरज नसते, भाऊजी.”

*

फ्रेमवाल्याच्या दुकानात सरसाचं भांडं रटरटत होतं. उकळत्या हाडांचा तो वास जिभेवर चढत होता. म्हातारा हसतमुख होता. अंगठा थुंकीने ओला करायचा आणि त्याच अंगठ्याने चौकट चमकवायचा.

“आत्यांना मी ताई म्हणतो. चाळीस वर्षांचा घरोबा. एकतीसच्या एकतीस चौकटी माझ्या हातच्या. सगळी चित्रं एकत्र हवीत म्हणून किती मोठी माणसं माझ्या मागे लागलीत! पण ताई एक द्यायला तयार नाही.”

दारात, उन्हाकडे तोंड करून, पाच-सहा चित्रं ओळीने टेकवून ठेवली होती.

“ही उन्हात का हो?” भाऊजींनी विचारलं. “रंग उडेल ना!”

“उलट आहे साहेब. हिवाळाभर आतल्या कपाटात होती. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी आठ-पंधरा दिवस ऊन दाखवतो. टवटवीत होतात.”

“आणि आत्यांचं चित्र?” वहिनींनी विचारलं. “तुम्ही तपासलंत ना?”

“दोनदा. चित्र तेच. टाका ताईंचाच. देवाशपथ, मी एक शब्द खोटा बोललो नाही.”

“आणि रंग?”

अंगठा चौकटीवर थांबला. “रंगाचं मला कुणी विचारलंच नाही.”

रस्त्यावर येताच वहिनी नळापाशी थांबल्या आणि हात चोळचोळून धुतले.

“तुम्ही तर कशाला हातही लावला नाहीत,” भाऊजी म्हणाले.

“तरी.”

*

चार वाजता सगळे आत्यांच्या खोलीत जमले. डॉक्टर घाईत होते, पेन उघडूनच आले होते. भाचा आत्याच्या खुर्चीमागे, तिच्या खांद्यावर हात ठेवून. भाचेसून दाराला टेकून. वहिनींनी फ्रेमवाल्यालाही बोलावून घेतलं होतं.

“डॉक्टर, सही करायच्या आधी एक सांगा. आत्यांचा आजार काय?”

“चित्र बदललं असं त्या म्हणतात, आणि ते बदललेलं नाही. फूल पांढऱ्याचं पिवळं झालं, पिवळ्याचं पांढरं झालं म्हणतात. असं होत नसतं.”

“होतं,” वहिनी म्हणाल्या. “माझे वडील पाट्या रंगवायचे. जवसाच्या तेलातला पांढरा रंग अंधारात ठेवला की पिवळा पडतो. पाटी दोन-चार महिने कपाटात राहिली, की बाबा ती नव्याने रंगवत नसत. उन्हात टेकवत. पाटी आपोआप पांढरी व्हायची. तैलचित्रातही तेच तेल असतं.”

“म्हणजे आत्यांना दिसलं ते...” डॉक्टर म्हणाले.

“जे होतं तेच दिसलं. चित्र तेच होतं, रंग बदलला होता. म्हणून टाकाही खरा आणि आत्याही खऱ्या.”

“ही ऐकीव गोष्ट झाली,” भाचा मऊपणे म्हणाला.

वहिनींनी पुढे होऊन शुभेच्छापत्र चौकटीतून उपसलं.

पांढऱ्या पाकळ्यांच्या खालच्या कोपऱ्यात पत्राएवढा चौकोन उरला होता. पिवळा, मेणचट, आजारी माणसाच्या नखासारखा. त्याची कड पट्टीने आखावी तशी सरळ होती.

भाचेसून दारापासून निघून थेट चित्रापाशी आली. “अगं बाई!”

“सहा आठवड्यांपूर्वी सगळं फूल असंच होतं,” वहिनी म्हणाल्या. “उघडं होतं तेवढं उन्हाने धुतलं. पत्राखाली ऊन पोचलं नाही. प्रेमाने खोचलंत ना, साहेब? त्या प्रेमाखालीच पुरावा जपून राहिला.”

भाच्याने ओठ चाटले. “मग... खोली बंद असेल तेव्हा.”

“सकाळी तुम्ही म्हणालात, खिडकी रोज उघडी होती. ती उघडणारी इथेच उभी आहे. शिवाय हा शेजारचा निळा बघा. निळ्यात पिवळं मिसळलं की हिरवट होतं. पण घरी आल्या त्या दिवशीही आत्यांची तक्रार एकट्या पांढऱ्याचीच होती, निळा त्यांना निळाच दिसला. म्हणजे खोलीत ऊन होतं, आणि एकटं पांढरं चित्र दुसरीकडे, अंधारात होतं.”

“पण हे करायचं कसं, ते कुणाला सुचणार?” भाऊजींनी विचारलं.

“हा प्रश्न तुम्हीच दुपारी विचारलात, भाऊजी, आणि उत्तरही लिहून घेतलंत. कपाटातली चित्रं उन्हात टवटवीत होतात, हे कोण म्हणालं?”

सगळ्यांच्या माना फ्रेमवाल्याकडे वळल्या.

“तुम्ही खोटं बोलला नाहीत, हे खरं,” वहिनी त्याला म्हणाल्या. “हीच त्यातली घाण. ही बाई इथे बसून रडत होती, माझं डोकं फिरलंय का म्हणून विचारत होती. ‘ताई, तेल आहे, अंधारात पिवळं पडतं,’ एवढं एक वाक्य तुमच्या जिभेवर होतं. तुम्ही ते गिळलंत आणि टाका दाखवलात. दोनदा.”

म्हाताऱ्याने आपला अंगठा मुठीत लपवला. “माझ्याच कपाटात होतं,” तो पुटपुटला. “यानेच आणून दिलं. म्हणाला, आत्या आता किती दिवसांची? ताबा मिळाला की एकतीसही तुमच्यामार्फत विकू.”

“खोटं!” भाच्याच्या आवाजातला पाक एकदम आटला. “आत्याने आरडाओरडा केल्यावर मला कळलं. तिच्या काळजीने मी डॉक्टरांकडे गेलो.”

“भाऊजी, तो कागद.”

भाऊजींनी वहीत ठेवलेला कागद काढला, वाचला आणि आयुष्यात प्रथमच त्यांना वाचलेलं त्याच क्षणी कळलं. “डॉक्टर... नोंदणी तीन तारखेची आहे. आत्या घरी आल्या सात तारखेला.”

“चित्र बदललं, ही तक्रार आत्यांनी चित्र बघायच्या चार दिवस आधी लिहिली गेली,” वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी कागद हातात घेतला. तारीख पाहिली. मग पेनाला टोपण लावलं. “मी तारीख बघायला हवी होती,” ते म्हणाले. “आत्या, तुमचे डोळे शाबूत आहेत. डोकंही. आमच्यापेक्षा जास्त.”

भाचेसून नवऱ्याकडे असं बघत होती, जणू जेवताना घासात केस निघावा. “मी तोंडावर बोलते म्हणून वाईट,” ती म्हणाली. “आणि तू रोज तिचं तोंड पुसायचास.”

“आत्या,” भाच्याने तिच्यासमोर गुडघे टेकले, तिचा हात धरू पाहिला, “तुझ्या भल्यासाठीच गं. तुला जिने झेपत नाहीत...”

आत्यांनी हात मागे घेतला आणि पदराला पुसला. ज्या प्रश्नासाठी त्या काठी टेकत शहर ओलांडून आल्या होत्या, त्याचं उत्तर मिळालं होतं. घर त्यांचं होतं, खिळे त्यांचे, फुलं त्यांची. पण चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नव्हता. कुणीतरी तोंडात विटका घास कोंबावा आणि थुंकायला जागा मिळू नये, तशा त्या बसल्या होत्या.

“वहिनी, तुमचे उपकार आहेत,” त्या सावकाश म्हणाल्या. मग भाच्याकडे पाहिलं, फ्रेमवाल्याकडे पाहिलं. “सहा आठवडे मी रोज हात जोडत होते, मी वेडी ठरू नये म्हणून. आता वाटतं, ठरले असते तर बरं. मी एकटी वेडी असते, तर तुम्ही दोघं चांगले राहिला असता.”