परीक्षेतली साथ

अंबाजोगाईच्या एका कॉलेजात एम.ए. संगीताची सीईटी चालू होती. प्रश्न कॉम्प्युटरवर, चार पर्याय, एकावर क्लिक करायचं. बाहेर उन्हात गुलमोहर लालभडक, आत पंख्यांची संथ घरघर... केजहून आलेली यशोधरा सारंगातल्या दोन निषादांपाशी अडली होती. तिनं डोळे मिटले, राग मनातल्या मनात गाऊन पाहिला आणि उत्तर सापडलं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर कुणाची तरी बोटं हलकेच वाजायला लागली.

पर्यवेक्षक बाई आल्या. "टेबल वाजवू नका."

त्या मुलानं निमूट हात मांडीवर घेतले. यशोधराकडं बघून मात्र किंचित हसला.

पेपर सुटल्यावर तिनं त्याला गेटपाशी गाठलं. "परीक्षेत टेबल कावून वाजवत होता तुमी?"

"तुमी गात होता म्हणून."

"मी? मी तर मनात..."

"मनात न्हाई. हळू होतं, पण गात होता. मी तबल्याचा हाय, बोटं ऐकत न्हाईत माझी."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मग बाईंना माझं नाव सांगायचं. बोलणी कावून खाल्ली?"

"गाणं थांबलं असतं," तो म्हणाला.

त्याचं नाव आदिनाथ. गाव पाटोद्याजवळ, पण शिकायला अंबाजोगाईत खोली करून राहायचा. पुढच्या आठवड्यात दोघांचीही प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि लग्नसराईत यशोधराच्या तबलजीला सवड नव्हती. घरी जाताना तिनं ओळख नसल्यासारखं, दुसरीकडंच बघत विचारलं — "माझ्यासंगं वाजवाल?"

मग तो रोज सकाळच्या बसनं केजला यायला लागला. विहाराशेजारच्या खोलीत रियाज चालायचा. यशोधराची आई, विजयमाला, अंगणवाडीला जाता जाता चहा ठेवून जायची. कपातला चहा निवून जायचा, दोघांपैकी कुणाच्याच ध्यानात राहायचं नाही. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, तेही कळलं नाही.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी परीक्षकांसमोर यशोधराचा आवाज थरथरला. आलाप घेता घेता तिची सम चुकली. पुढचं सगळं पुसल्यासारखं झालं... तिनं घाबरून आदिनाथकडं पाहिलं. तो काहीच नवं वाजवत नव्हता. साधा ठेका, संथ, एकसारखा — जणू वाटेत तिच्यासाठी उभा राहिला होता. तिनं श्वास घेतला, मुखडा उचलला आणि समेवर अलगद टेकली.

निकाल मोबाइलवर आला. यशोधराला संभाजीनगरला प्रवेश मिळाला. आदिनाथचं नाव यादीत नव्हतं.

"तुझा तबला तर चांगला झालता," ती फोनवर म्हणाली.

"लेखी गेलं. शेवटचे प्रश्न राहिले."

"माझ्यामुळं?"

"तू गात होतीस. ऐकत बसायचं मी ठरवलं. पुढच्या साली परत बसंन."

ती निघाली तेव्हा आभाळ भरून आलं होतं. केजच्या स्टँडवर आईनं तिला बसमध्ये बसवलं, डोळे पुसत ती खाली उतरली. बस हलता हलता आदिनाथ चढला, शेजारी येऊन बसला. "गावाकडं चाललोय. मांजरसुंब्याला उतरंन, तिथून पाटोद्याची गाडी."

खिडकीतून ओलसर वारा येत होता. दोन्हीकडं सोयाबीनची हिरवी रानं मागं सरकत होती.

"आईला सांगितलं तुझं," तो एकदम म्हणाला.

"काय सांगितलं? आमी बौद्ध हावोत, ते?"

"सगळं. तव्यावरची भाकरी करपली तिची. थोरला दादा तर अजून बोलत न्हाई. मी म्हणलं, विचारायला न्हाई, सांगायला आलोय."

"आणि मला?" तिनं खिडकीबाहेर बघतच विचारलं. "मला कधी विचारणार होतास?"

आदिनाथ तिच्याकडं वळला. "आता विचारतो... आयुष्यभर माझ्यासंगं राहशील?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडवत राहिली. चढ आला, वळणं आली. तिचा खांदा त्याच्या खांद्याला टेकला आणि वळण संपलं तरी तिथंच राहिला.

मांजरसुंब्याला बस थांबली. माणसं उतरली, नवी चढली. आदिनाथनं पिशवी उचलली, उभा राहिला, पण त्याचा पाय निघेना. कंडक्टर मागून आला.

"पाव्हणं, तुमचं तिकीट इथवरच हाय. उतरायचं न्हाई का?"

आदिनाथ काही बोलायच्या आत यशोधरानं त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि आपल्या मांडीवर ठेवली.

"ते माझ्यासोबत हायेत," ती म्हणाली. "पुढचं तिकीट द्या."