माईकपासून वळलेली मान

साल एकोणीसशे सहासष्ट. रेडिओवर नभोनाट्य लागलं की गल्ली चिडीचूप व्हायची. तिची आत्या तर नायकाचा आवाज आला की पदर सावरून, डोळे मिटून बसायची. "हा माणूस सहा फुटी असणार बघ, सिंहासारखा!"

ती रेडिओ केंद्रात आवाजाची चाचणी द्यायला गेली, तेव्हा जिन्यात एक किडमिडीत माणूस चपलेचा तुटका अंगठा सांभाळत उतरत होता.

"जरा वाट देता का?"

तिनं कठडाच धरला. खोल विहिरीत घागर बुडावी तसा तो खर्ज...

"तुम्ही... तेच?"

"तोच. झाली ना निराशा?" तो हसला. "सगळ्या आवाजावर भाळतात. मग मला बघतात."

केंद्रावर त्याला 'घुमट' म्हणत. दिग्दर्शन करणाऱ्या बाईंनी हिला निवडलं आणि पहिल्याच दिवशी बारीक आवाजावरून 'पिपाणी' करून टाकलं. तालमीत ती बघतच राहायची. हा माणूस बोटसुद्धा न हलवता राजा व्हायचा, आणि पुढच्याच वाक्याला थंडीनं कुडकुडणारा म्हातारा. ऐकताना तिच्याच अंगावर शहारा यायचा.

"प्रेम करायचं ते माईकवर," तो तिला शिकवायचा. "माझ्याकडे बघायचं नाही. मान वळली की आवाज लांब जातो."

"आणि बघावंसं वाटलं तर?"

"डोळे मिटा. सगळ्याच मिटतात."

एकदा चहा पिताना तिनं धीर केला. "मला तुम्ही आवडता."

तो कप खाली ठेवत म्हणाला, "आवाज आवडतो तुम्हाला. उद्या हा घसा बसला तर?"

तिला रडू आलं — आणि रडून का कुणाला पटतं?

नाटक थेट प्रक्षेपित होणार होतं. लाल दिवा लागला. एकाच माईकसमोर दोघं, हातांत कागद. शेवटचा प्रवेश आला. "मी इथंच आहे... तुझ्याजवळ," तिला म्हणायचं होतं. म्हणता म्हणता तिनं मान वळवली. डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे पाहिलं — तो बारीक गळा, ती घामेजलेली कानशिलं. काचेपलीकडे बाईंनी कपाळावर हात मारला.

आता त्याचं वाक्य. त्यानं आजवर एकदाही माईक सोडला नव्हता. आज तोही वळला.

"मग जाऊ नकोस."

दिवा विझताच बाई आत आल्या. "जवळ म्हणता म्हणता ही पोहोचली नदीपार! ही पिपाणी नवी आहे, पण घुमट, तुम्हीसुद्धा?"

"बाई, चूक नव्हती ती. मुद्दाम वळलो." मग तो तिच्याकडे वळला. "डोळे का नाही मिटलेस?"

"ऐकायला कान आहेत की!"

घरी आत्या करवादत होती, "ऐन शेवटाला रेडिओ बिघडला मेला!" पुढं लग्न ठरलं, तेव्हा जावई बघून तिचं तोंड उतरलं. "जरा बोला पाहू," म्हणाली. तो बोलला, तिनं डोळे मिटले आणि तसाच आशीर्वाद दिला. शेवटपर्यंत त्याच्याशी ती डोळे मिटूनच बोलली.

बाई निवृत्त होईपर्यंत प्रत्येक नवख्याला ही गोष्ट दटावून सांगत. पिपाणीनं पुढं कितीतरी वर्षं मुलांचे कार्यक्रम गाजवले. आणि घुमट... म्हातारपणी त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. उरली ती नुसती कुजबुज. ती समजायची तर त्याच्या ओठांकडे बघत बसावं लागतं.

ती बसते. त्याच्या शेजारी, मान वळवून.