डाव्या कानातली गोष्ट

विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. पण ही कुठून तरी कानावर आलेली गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या घरात हे घडलं, आणि त्यातल्या एका दिवशी मी स्वतः तिथे होतो.

मध्यरात्र, ओसाड बंगला, कुत्र्यांचं रडणं असलं काही शोधत असाल तर निराशा होईल. वार मंगळवार. वेळ दुपारी सव्वातीनची. जागा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरातलं जेवणाचं टेबल. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं.

आधी ताईच्या कामाबद्दल सांगतो. स्टुडिओत बसून कुणीतरी अख्खं पुस्तक वाचतं, ते रेकॉर्ड होतं. लोकांनी ऐकण्याआधी ताई ते शब्द न् शब्द ऐकते. समोर छापील प्रत, हातात पेन्सिल. वाचणाऱ्यानं शब्द गाळला की खूण. खुर्ची करकरली की खूण. श्वास जरा मोठा झाला तरी खूण. एका नामवंत वाचकाचं पोट ऐन प्रेमप्रसंगात गुरगुरलं होतं. ताईनं इमानेइतबारे लिहून पाठवलं, ‘पान ८२, पोट.’

शाळेला सुट्टी लागली होती. त्यामुळे तिची लेक दिवसभर घरात. वय वर्षं आठ. आम्ही तिला भिंगरी म्हणतो, कारण एका जागी बसेल तर शपथ.

भिंगरीला डाव्या कानानं ऐकू येत नाही. तीन वर्षांची असताना ताप आला, त्यात कान गेला. शेजारी ढोल बडवला तरी त्या कानाला पत्ता लागत नाही. आपण तिला डॉक्टरकडे एक दिवस उशिरा नेलं, हे ताईच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. भावोजींनी हजारदा समजावलं. डॉक्टरांनीही सांगितलं. पण तिचा जीव त्या एका दिवसात अडकलाय तो अडकलाच आहे.

तर त्या सुट्टीत ताईकडे लहान मुलांची एक कादंबरी आली. जादूची, चांगली जाडजूड. एका मुलीला अशा देशाचा रस्ता सापडतो जिथे पाऊस खालून वर पडतो. तिथला राजा साबणाचा. पावसाच्या भीतीनं तो पायाखाली छत्री धरून फिरतो. पोस्टमन म्हणजे एक कासव, आणि त्याच्या पिशवीत शंभर वर्षांपूर्वीचं पत्र.

ताई खुळावलीच. कामाचं पुस्तक असूनही एकेक प्रकरण दोनदा ऐकायची. भिंगरीला तर त्या पुस्तकानं चक्क खुर्चीत बसायला लावलं. एक इअरफोन ताईच्या कानात, दुसरा भिंगरीच्या उजव्या कानात. मायलेकी टेबलाशी डोकी जोडून बसायच्या आणि खिदळायच्या. ताई म्हणते, ते आठ दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते.

आता तो मंगळवार.

दाराची बेल वाजली. ताई इअरफोन टेबलावर ठेवून उठली. कुरिअरवाल्याच्या कागदावर सही केली, पाकीट घेतलं, परत आली.

भिंगरी पोट धरून हसत होती.

ताईला आधी काही वावगं वाटलं नाही. मग तिचं लक्ष गेलं...

इअरफोन भिंगरीच्या डाव्या कानात होता.

आणि उजवा कान तिनं तळहातानं गच्च झाकला होता.

ताईच्या हातातलं पाकीट गळालं. तिनं लॅपटॉप थांबवला आणि भिंगरीचा हात कानावरून बाजूला केला.

“कासव काय म्हणालं आत्ता?”

“म्हणालं, मला मुळीच उशीर झालेला नाही. पत्रच घाईघाईनं लिहिलं होतं!”

ताईनं पान पाहिलं. शब्द न् शब्द तोच.

तिथेच खाली बसून ती रडली. भावोजींना ऑफिसात फोन केला. मला फोन केला तेव्हा मीही रडलो, उगाच खोटं कशाला बोलू? पाच वर्षांनी त्या घरात देवच आला म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानाचे डॉक्टर. बंद खोली, मोठे हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. उजव्या कानाच्या वेळी भिंगरीनं पटापट बटण दाबलं. मग डाव्या कानाची पाळी आली.

वीस मिनिटं झाली.

भिंगरीनं एकदाही बटण दाबलं नाही.

डॉक्टर भले माणूस होते. म्हणाले, “डाव्या बाजूचा आवाज कधी कधी हाडातून उजव्या कानाला पोचतो. आशा लावून बसू नका.”

पण आशा सांगून सुटते थोडीच? ताईनं घरी आल्यावर तिच्या उजव्या कानात कापूस घातला, आवाज अगदी बारीक केला आणि डाव्या कानात इअरफोन दिला. भिंगरीला सगळं ऐकू येत होतं. मग रोज दुपारी तोच अभ्यास सुरू झाला. “नीट लक्ष दे. त्याच कानानं. अजून लक्ष दे.” ताईला वाटलं, झोपलेला कान जागा होतोय, त्याला हाका मारत राहिलं पाहिजे.

हे आठवलं की ती आजही स्वतःच्या तोंडात मारून घेते.

चौथ्या दिवशी एकोणिसावं प्रकरण चाललं होतं. दोघींच्या कानात एकेक इअरफोन, भिंगरीचा डाव्या कानात. राजा अजून महालाबाहेरही पडला नव्हता...

आणि भिंगरी फिसकन हसली.

“काय झालं गं?”

“राजाची छत्री उलटी झाली. नाक विरघळलं त्याचं!”

ताई ऐकत राहिली. दोन पानं गेली. मग राजा बाहेर आला, छत्री उलटी झाली आणि नाक विरघळलं. छापील प्रत ताईच्या मांडीवर होती. भिंगरीनं ती उघडूनही पाहिली नव्हती.

“तुला आधीच कसं कळलं?”

“माझ्याकडे ते पान होऊन गेलं.”

“तुझ्याकडे म्हणजे? वाचणारे काका तर एकच आहेत ना?”

“काका तुझ्या कानात,” भिंगरी सहज म्हणाली. “माझ्या कानात ती वाचते.”

ताईनं पेन्सिल खाली ठेवली.

“ती... कोण?”

“माहीत नाही. पण छान वाचते. काकांसारखी मधे थांबत नाही. ती श्वासच घेत नाही.”

वर्षानुवर्षं ताई माणसांचे श्वास मोजत आलीय. श्वास न घेता कुणालाच वाचता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

तिनं इअरफोनची वायर लॅपटॉपमधून खसकन ओढून काढली. तिच्या कानातला आवाज बंद झाला. खोलीत फक्त पंख्याची घरघर राहिली.

भिंगरी मात्र तशीच बसली होती. मान किंचित डावीकडे कललेली. ओठांवर हसू...

“भिंगरे!”

“शू! आई, मला ऐकू दे ना.”

त्या दिवसापासून अभ्यास बंद. उरलेली प्रकरणं ताईनं लेकीला शेजारी पाठवून एकटीनं तपासली, चुकांची यादी पाठवून दिली, फायली पुसल्या आणि इअरफोन कचऱ्यात टाकले. भावोजी म्हणाले, “पोरीची कल्पनाशक्ती दांडगी आहे, दुसरं काही नाही.” दोन दिवस खरंच काही झालं नाही. ताईचा जीव भांड्यात पडला.

तिसऱ्या दिवशी दुपारी भिंगरी खिडकीशी बसली होती. कानात काहीही नव्हतं. उजव्या कानावर तळहात गच्च.

“काय करतेस?” ताईनं विचारलं. भिंगरीला ऐकू गेलं नाही. ताईनं तिचा हात खाली ओढून पुन्हा विचारलं.

“ऐकतेय.”

“ते पुस्तक संपलं ना?”

“ते संपलं. आता आपलं चाललंय.”

“आपलं म्हणजे?”

“म्हणजे आपलं! आता मामा येईल. त्याच्या हातात आपलं ड्रिल मशीन असेल.”

आणि बेल वाजली.

दारात मी होतो. हातात ड्रिल मशीन. महिन्यापूर्वी नेलेलं, त्या बाजूला काम निघालं म्हणून परत द्यायला आलो होतो. येतोय म्हणून फोनसुद्धा केला नव्हता. ताई माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं, माझ्या मागे कुणीतरी उभं आहे.

तिनं चहा टाकला आणि स्वयंपाकघरात मला सगळं हलक्या आवाजात सांगितलं. मी शहाणा! मला वाटलं, पोर आपल्याला बनवतेय, आता चेष्टेवारी नेऊन विषय संपवू. कप घेऊन मी भिंगरीसमोर जाऊन बसलो.

“काय गं, तुझ्या वाचणाऱ्या बाईंना विचार की, पुढे काय होतं?”

भिंगरीनं खुशीत तळहात कानावर ठेवला.

“मामाचा चहा सांडतो.”

मी हसलो. कप मुद्दाम दोन्ही हातांनी धरला. खाली रस्त्यावर कुणीतरी फाटक धाडकन लावलं, मी दचकलो आणि चहा माझ्या पँटवर. भिंगरी टाळ्या पिटून हसली. मीही हसलो आणि कप खाली ठेवला.

तिथेच थांबायला हवं होतं.

“आणि मग?” मी विचारलं.

ताई फडकं घेऊन आली आणि पुसायला खाली वाकली. भिंगरीनं पुन्हा कान झाकला, मान कलती केली आणि ऐकू लागली...

तिचं हसू हळूहळू गेलं.

तिनं आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा आईकडे, आणि नजर तिथेच राहिली.

“काय गं?” मी विचारलं.

कान झाकलेलाच होता, पण माझ्या तोंडाकडे पाहून तिनं प्रश्न ओळखला असावा. “काही नाही,” ती म्हणाली.

आजवर तिनं एकही गोष्ट लपवली नव्हती. सांगितल्याशिवाय तिला राहवायचंच नाही. ताईचा हात फडक्यावर थांबला. आणि मग भिंगरी अगदी हळू आवाजात, आमच्याशी नाही, दुसऱ्याच कुणाशी तरी बोलली.

“ते पान गाळ ना.”

थोडा वेळ ती ऐकत राहिली.

“का नाही गाळायचं?”

आणखी थोडा वेळ. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

या गोष्टीला आज तीन आठवडे झाले. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. उजवा कान उत्तम, डावा पहिल्यासारखाच. भावोजींनी आणि मी मिळून ताईच्याही सगळ्या तपासण्या करून घेतल्या. ती ठणठणीत आहे. “तुम्हाला काय, माणसाला उगाच सुया टोचता,” म्हणून कुरकुरते.

भिंगरी आता गिरक्या घेत नाही. ताई जिथे, तिथे ती. ताई भाजी आणायला निघाली तर दार अडवून उभी राहते. त्या दिवशी काय ऐकलंस, असं मी शंभरदा विचारलं. आइस्क्रीमचं आमिष दाखवलं, एकदा रागावलोसुद्धा. ती नुसती मान हलवते.

काल भावोजींचा फोन आला. आवाज पडलेला होता. म्हणाले, ताई अंघोळीला गेली होती. भिंगरी बाथरूमच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसली होती. उजव्या कानावर दोन्ही हात. ते जवळ गेले तरी तिला कळलं नाही. ती पुटपुटत होती. विनवण्या करत होती. त्यांनी खाली वाकून ऐकलं.

“हळू वाच,” ती म्हणत होती. “अजून हळू. अजून हळू.”

ताईला आम्ही हे सांगितलेलं नाही.