शिगेच्या वीस खंडी

शिवळगडाच्या उगवतीच्या कड्यावर पहाट फुटली तेव्हा खालचे खोरे धुक्याने भरून गेले होते, आणि त्या धुक्यातून मोगलांच्या राहुट्यांचे कळस तेवढे वर डोकावत होते. वेढ्याचा चौथा महिना चालला होता. गडावर तीनशे माणसे होती, आणि कारखानीस लखमोपंतांनी आदल्या दिवशी सदरेवर ठेवलेल्या कागदाप्रमाणे कोठीत धान्य उरले होते पाच दिवसांचे. कुमकेची फौज महिन्याभरात पोचेल असा सांगावा होता. पण पाच दिवसांच्या नाचणीवर महिना निघणार नव्हता. आज सदर भरली की गडाचे हवालदार सुभानजी घारे मोगलांच्या खानाकडे शरणागतीचा कौल मागायला माणूस धाडणार, हे सगळ्या गडाला कळून चुकले होते.

कोठीच्या ओट्यावर बसलेल्या गिरमाजी भास्करला मात्र वेगळेच कळले होते, आणि ते कळले नसते तर फार बरे झाले असते असे त्याला वाटत होते.

चार वर्षांपूर्वी तो उमेदवार म्हणून गडावर आला तेव्हा त्याच्यासाठी शब्द टाकणारे कोणी नव्हते. दफ्तरात शिरायचे तर काका-मामा आधी आत बसलेला लागतो. याचा बाप वारलेला आणि मामा नुसता नावाला. लखमोपंतांनी त्याचे मोडी अक्षर पाहिले, तोंडी पावकी-निमकी विचारली आणि म्हणाले, "बस." पहिले वर्ष बोरू तासण्यात आणि दफ्तराचे कागद रुमालात बांधण्यात गेले, दुसरे नकला करण्यात, आणि तिसऱ्या वर्षी पंतांनी त्याला मापावर बसवले. पगार नव्हता, जेवण पंतांच्या पंगतीला. धान्य आत घेताना पायली शीग लावून, म्हणजे काठावर रास चढवून, भरायची, देताना काठावरून हात फिरवून सपाट द्यायची, आणि मधली शीग उंदीर-घुशींच्या नावे सोडून कागदावर चढवायची नाही, ही कोठीची चाल पंतांनीच त्याला शिकवली होती.

गेले तीन दिवस तो ती शीगच मांडत होता. चार वर्षांची आवक धरली, उंदरांना निम्मे दिले, तरी वीस खंडी धान्य उरत होते. म्हणजे साऱ्या गडाला दोन महिने. आणि ते असणार एकाच ठिकाणी: टाक्यामागच्या भुयारात, जे दफ्तरात 'ओल लागल्याने बंद' होते आणि ज्याची किल्ली पंतांच्या कमरेला होती.

तो उठला आणि स्नान करून आलेल्या पंतांपुढे हात जोडून उभा राहिला.

"पंत, भुयार आपणच उघडावं. जुनी रास सापडली म्हणावं. मी चकार शब्द बोलणार नाही."

पंतांनी धोतराचा सोगा पिळला.

"दुष्काळात दर चढले की विकणार होतो," ते म्हणाले. "वेढा पडला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आता सांगितलं तर विचारतील, चार महिने का गप्प होतास? अरे, कागदात नाही ते गडावर नाही. तूही गप्प राहा. बोललास तर पुन्हा कुठल्या दफ्तरात तुला कोणी बसू देणार नाही."

हे खरे होते. आणि गिरमाजीला दफ्तराखेरीज दुसरे काही येत नव्हते.

सदर भरली. हवालदारांनी कौलाचा मसुदा वाचायला घेतला, तोच उमेदवारांच्या शेवटच्या ओळीतून गिरमाजी उठला.

"कसूर माफ असावी. गडावर अजून वीस खंडी धान्य आहे. टाक्यामागचं भुयार उघडावं."

"कागद तसं म्हणत नाही," हवालदार म्हणाले.

"कागदावर शीग चढत नाही, हवालदार. मापावर मी बसतो."

"आणि भुयार रिकामं निघालं तर?"

"तर मला कड्यावरून लोटावं."

पंतांनी कोणाकडे न पाहता कमरेची किल्ली काढून खाली ठेवली. भुयाराचे दार उघडले तेव्हा पोती छताला टेकलेली होती. कौलाचा मसुदा तिथेच फाडला गेला.

अठ्ठाविसाव्या दिवशी कुमक आली आणि वेढा उठला. चोरीबद्दल पंतांचा हात तोडण्याची शिक्षा हवालदारांनी माफ केली आणि त्यांना गडाखाली घालवले. कारखानिशीची वस्त्रे गिरमाजीला मिळाली. लोकांनी त्याला दुवा दिला, पण दफ्तर काही लोकांचे नव्हते. तो आत आला की कारकून आपापले रुमाल बांधून ठेवत. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा, असे मागून म्हणत. पंगतीत त्याच्या शेजारचा पाट रिकामा राही, आणि त्याच्या हाताखाली शिकायला कोणी उमेदवार येईना. शीग आता तो वेगळी चढवी, पण ताळेबंद दुसऱ्याच्या नजरेखालून जावा लागतो, आणि त्याचा कागद पाहायला कोणी तयार नव्हते.

दुसऱ्या वर्षी ताळा तीन पायलीने चुकला. आठ दिवस रात्रंदिवस मांडून त्याला चूक सापडली नाही. शेवटी तो रुमाल बगलेत मारून गड उतरला. पायथ्याच्या वाडीत, मारुतीच्या पारावर बसून पंत लोकांची पत्रे लिहून देत होते.

त्यांनी कागद घेतला. बोट ओळीओळीने खाली आले आणि श्रावणाच्या आवकेवर थांबले. एका पोत्याची तीन पायली शीग दोनदा चढली होती.

गिरमाजीने खाली वाकून त्यांच्या पायांवर डोके ठेवले. त्याला रडू आवरेना.

पंतांनी कागद नीट घडी करून त्याच्या हातात दिला.

"पुन्हा येऊ नकोस," ते म्हणाले. "तू आलास की मला दफ्तर आठवतं."

गिरमाजी उठला आणि गड चढू लागला. पहिल्या दरवाज्यापाशी पहारेकऱ्याने मुजरा केला आणि बाजूला सरून वाट दिली.