उंबरठ्याबाहेरचा पाय

ऐका, पण मधे कोणी उठू नका. नालवाडीचा कैलास पेंटर माझ्या चांगल्या ओळखीचा. गेल्या मार्गशीर्षातली अमावास्या. दिवेलागणीला तो दुचाकीला एक चित्र बांधून गिरडच्या पुढच्या खेड्यात निघाला. गंगाबाईला ते पोचवायचं, चहा घ्यायचा, परतायचं. एवढंच काम.

चित्र तिच्या पोराचं, पुनाजीचं. जंगलजमिनीसाठी मोर्चे काढले म्हणून त्याला दोन वर्षं जिल्ह्यातून तडीपार केलेलं. मुदत संपायला अकरा दिवस उरले होते, तेव्हा तो परमुलखात तापाने गेला. नोटिशीवर बापाच्या नावासकट नाव होतं. मेल्यावर मात्र बेवारस म्हणून जाळला. मायला कळलं तेराव्या दिवशी.

कैलासने त्याचं घरी येणं रंगवलं होतं. खरं दिसेल तसंच. पायांवर वाटेची धूळ, उजवा पाय उंबरठ्याच्या आत, समोर माय अर्धवट उठलेली.

गंगाबाई बघतच राहिली.

"काऊन बा, पाय न धुता, भाकरतुकडा न ओवाळता आत घेतलं त्याले?"

"चित्र हाय ते, माय."

"पोरगं हाय माह्यं. बाहेर ठेव. मी घेतो त्याले आत."

कैलासने रंगांची पेटी उघडली. चित्रातला पाय उंबरठ्याबाहेर काढेपर्यंत साडेअकरा वाजले. म्हातारी भिंतीला टेकून पेंगत होती.

दार वाजलं.

"कोण?"

...

पुन्हा वाजलं. खालच्या अंगाला. पायाने ढकलावं तसं.

"उघडू नको, माय."

"दोन वर्सं लोकायनं अडवलं त्याले. आता तू नको अडवू."

तिने कडी काढली.

अंधार. अंगणात कोणी नाही.

तिने भाकरीचा तुकडा ओवाळला. लांब फेकला. तांब्या कलता केला.

पाणी जमिनीवर पडलं नाही.

म्हणजे पडलं... पण आधी कशावर तरी अडून. मग दोन बाजूंनी ओघळलं.

कैलासने डोळे मिटले. त्याच्या खांद्याला घासून काहीतरी गार आत गेलं.

"बस," म्हातारी हळूच म्हणाली. "जेवतं का?"

...

उजाडेपर्यंत कैलासने डोळे उघडले नाहीत. उघडले तेव्हा चित्र होतं तिथेच होतं. रंग बोटाला ओला लागत होता. उजवा पाय उंबरठ्याच्या आत होता.

दोन्ही पायांवर धुळीचा कण नव्हता.