तांबं पचवलेली माती

“बाई, लवकर चला! दादाचा कारखाना बंद करतायत!” वेणू तांबट दारातूनच ओरडली.

१९५८ सालच्या पौषातला तो शुक्रवार. पनवेलच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या दमयंतीबाई तशाच निघाल्या.

वेणूचा भाऊ काशिराम तांब्याची भांडी घडवी. कारखान्यामागे भामाचं वालाचं शेत. दोन दिवसांत तिथले सगळे वेल करपले होते. कारखान्याचं हिरवट पाणी वीस वर्षं शेताच्या कडेच्या चरातून वाहत होतं.

“त्याचंच विष झिरपलं,” भामा म्हणाली. “एक शेंग तोंडात पडली नाय. हाकला या तांबटाला!”

“सोमवारी गावकी बसनार हाय,” तिचा नवरा बुधाजी पुटपुटला.

“तुम्ही कारखान्यात रोज जाता ना?” बाईंनी त्याला विचारलं.

“जातो. घटकाभर.”

“घटकाभर?” भामा फणकारली. “वेणूचा चहा संपेपर्यंत! आनि तिचा चहा संपतच नाय.”

वेणूने मान फिरवली.

बाई वेलांपाशी वाकल्या. पानं जळलेली, पण शेंगांचे देठ नखाने खुडलेले. शेजारी हौसाच्या शेतात वेल शेंगांनी लगडले होते. बाईंनी चरातली, भामाची आणि हौसाची अशी तीन ठिकाणची माती घेतली. भामाच्या अंगणात पाणी प्यायला थांबल्या, तेव्हा एका लोखंडी घमेल्याला आतून लालसर झळाळी दिसली.

“हे कुणाचं?”

“आमचंच. शेनाचं,” भामा म्हणाली.

घरी बाईंनी डाळीच्या पाण्यात चायना ग्रास शिजवलं, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घातला आणि तीन बशांत ओतलं. ते थिजल्यावर प्रत्येक बशीत एकेका मातीचं पाणी शिंपडून त्या झाकून ठेवल्या.

सोमवारी गावकीपुढे बशा उघडल्या.

“मातीत असंख्य जंतू राहतात,” बाई म्हणाल्या. “तांब्याने ते मरतात. पण वर्षानुवर्षं थोडं थोडं तांबं मिळालं, तर ते सोसणारेच मागे उरतात आणि वाढतात. या बशांत मी तांबं घातलंय. चराची बशी बघा, वाढलेल्या जंतूंचे ठिपकेच ठिपके. हौसाची कोरी, तिथे तांबं कधी गेलंच नाही. आणि ही भामाची.”

तीही कोरी होती.

“म्हंजे हिच्या मातीत तांबं नाय?” बुधाजीने विचारलं.

“भरपूर आहे. मी वेगळं तपासलं. पण वीस वर्षं झिरपलं असतं तर इथेही ठिपके आले असते. हे ताजं आहे. कुणीतरी मोरचूद ओतलाय.”

“कुनी?”

“मोरचूद लोखंडी भांड्यात पाण्यात कालवला की भांड्याला आतून तांबं चढतं. तुमच्या घमेल्याला चढलंय. शिवाय दुसऱ्या कुणी शेत जाळलं असतं, तर शेंगांसकट. इथे शेंगा आधी खुडून नेल्यात. जिने पिकवल्या, तिला त्या जाळवल्या नाहीत.”

सगळे भामाकडे वळले.

“हो, मीच!” ती म्हणाली. “आंब्यावर फवारून उरला होता. वाल काय, पुढल्या साली परत येतील. ही वेणू इथनं जायला पायजे होती.”

“अगं, मी तिथं नुसता बसतो,” बुधाजी म्हणाला.

“माज्यापाशी कधी बसलास?”

गावकी उठली. कारखान्यात हातोडीचे ठोके सुरू झाले. बुधाजीची मान सवयीने तिकडे वळली, आणि भामाने ते पाहिलं.