काठोकाठ पिंप

"न केलेल्या चुकीची माफी? जीभ झडली तरी मागणार नाही!" सोडावालीने टेबलावर अशी थाप मारली, की जावयाच्या कपातला चहा बशीत आला.

सासूबाई मात्र ढिम्म. गुप्तहेरगिरीची त्यांची कचेरी म्हणजे लेकीच्या घराची पुढची खोली, आणि मदतनीस म्हणजे घरातला एकुलता एक जावई. माणूस मनाने भला, पण विचारांची गाडी जरा उशिराच फलाटाला लागायची.

"पहिल्यापासून सांगा," सासूबाई म्हणाल्या.

काल दुपारी सोडावाली वरच्या मजल्यावरचं आपलं दुकान बंद करून जेवायला घरी गेली. परत येते तो खालच्या छापखान्यात नुसता गोंधळ! छतातून पाणी गळून छापलेल्या कागदांचा लगदा झाला होता. तिच्या शेजारच्या चष्मेवाल्याने साक्ष दिली, पाणी हिच्याच पिंपातून सांडलं. झालं! इमारतीच्या मालकाने तिच्या दुकानाला स्वतःचं कुलूप ठोकलं. माफी लिहून द्या, नाहीतर आज संध्याकाळी सामान रस्त्यावर.

"मागून टाका की माफी," जावई म्हणाला. "दुकान तरी वाचेल."

"आणि उद्यापासून इमारतीतल्या प्रत्येक गळतीला मीच जबाबदार! त्या दुकानावर मी दोन पोरी वाढवल्या, पण मान खाली घालून नाही."

"पिंपात काय होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"पाणी, बाटल्या आणि बर्फाची लादी. काठोकाठ भरलं होतं. ते मी कशाला नाकारू?"

जावयाने मनातल्या मनात निकाल देऊन टाकला. काठोकाठ पिंपात लादी वितळली, तर पाणी जाणार कुठे? बाई नाहक हट्टाला पेटली आहे, असं वाटून त्याला तिची कीव आली.

दोघं छापखान्यात पोचले, तेव्हा छापखानेवाला संतापाने लाल झाला होता. सासूबाईंनी भिजून सुकलेलं एक पान उचललं आणि बोटांनी चोळलं. बोटांना पांढरी, खरखरीत पूड लागली.

"चुना असेल छताचा," तो करवादला.

सासूबाईंनी वर पाहिलं. छत लाकडी फळ्यांचं होतं.

वरच्या मजल्यावर चष्मेवाला काच घासत बसला होता. चाक गरगर फिरत होतं, त्यावर नळाची बारीक धार लागली होती. त्याने हात पुसून खुर्च्या पुढे केल्या. दोन्ही दुकानांच्या मधल्या भिंतीला काचेची खिडकी होती, त्यातून पिंप स्पष्ट दिसत होतं.

"मी कशाला कुणाच्या पोटावर पाय देऊ?" तो म्हणाला. "पण डोळ्यांनी पाहिलं ते सांगायला नको? बर्फ डोकं बाहेर काढून तरंगत होता. जसजसा वितळला, तसतसं पाणी काठावरून ओघळत गेलं."

"लादी तळाला टेकली नव्हती?"

"छे हो! चांगली तरंगत होती."

"मग झालं," म्हणत सासूबाई उठल्या. जावयालाही तेच वाटलं, फक्त उलट अर्थाने.

संध्याकाळी मालक किल्ल्यांचा जुडगा वाजवत छापखान्यात आला. सासूबाईंनी सगळ्यांना तिथेच बोलावलं होतं. कोऱ्या कागदावर काचेचा पेला ठेवून त्यांनी त्यात बर्फाचा मोठा खडा सोडला, निळी शाई घातलेलं पाणी अगदी काठापर्यंत ओतलं. खडा तरंगू लागला, त्याचा शेंडा काठाच्या वर.

"हा काय पोरखेळ?" मालक म्हणाला.

"बाईच्या पोटाचा प्रश्न आहे. थांबा जरा."

सोडावाली हाताची घडी घालून उभी राहिली. खडा बारीक होत गेला. तेवढ्यात कागद ओला झाला आणि जावई ओरडला, "सांडलं! सांडलं!"

"जावईबापू, रंग बघा."

कागदावरचा ओलावा बिनरंगी होता.

"हा पेल्याचा घाम. हवेतली वाफ थंड काचेवर जमते. घामाने गठ्ठ्यांचा लगदा होत नाही."

शेवटचा कणही विरघळला. पाणी काठाशी जिथे होतं तिथेच, कागदावर निळा ठिपका औषधालाही नाही!

"असं कसं?" जावयाने डोकं खाजवलं.

"थंडीत माणूस अंग आखडतो. पाणी मात्र गोठताना हातपाय पसरतं, जगाच्या उलट. वजन तेवढंच, पण जागा जास्त. म्हणूनच बर्फ पाण्यापेक्षा हलका आणि म्हणूनच तो तरंगतो. वितळला की पुन्हा आक्रसतो आणि बुडलेल्या भागाने जेवढी जागा घेतली होती, नेमका तेवढ्यातच मावतो. तरंगत्या बर्फाने काठावरून पाणी सांडलं, हे कुणी पाहिलं असेल तर स्वप्नातच."

सगळ्यांच्या नजरा चष्मेवाल्याकडे वळल्या.

"मग पाणी आलं कुठून?" मालकाने विचारलं.

"कागदावर पांढरी, खरखरीत पूड आहे. छत लाकडी, म्हणजे चुना नाही. काच घासताना चाकावर पाणी सोडतात, ते काचेची पूड घेऊन वाहतं. सोडावालीच्या पिंपात ती कशी येणार?"

चष्मेवाल्याचा चेहरा पडला. "जरा डोळा लागला," तो चाचरत म्हणाला. "नळ चालूच राहिला... मोरी तुंबली... नुकसान माझ्या माथी आलं असतं."

"आणि समोर दिसलं काठोकाठ पिंप. थाप कुणालाही पटेल अशीच होती," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या जावईबापूंना तर ऐकण्याआधीच पटली होती."

जावयाचे कान गरम झाले. सकाळी आपण हिला माफी मागायला सांगत होतो, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मालकाने घसा खाकरला. "झालं गेलं विसरा बाई. ही घ्या किल्ली, उघडा दुकान."

सोडावालीने हाताची घडी सोडलीच नाही. "कुलूप तुम्ही लावलंत, तुम्हीच उघडा."

सगळे वरच्या मजल्यावर गेले. शटरचं कुलूप जमिनीलगत होतं. आजूबाजूचे सगळे दुकानदार बाहेर येऊन बघत होते आणि मालकाला त्यांच्यादेखत वाकावं लागलं. शटर वर गेलं. तो घाम पुसत निघाला, तशी ती आडवी आली.

"आता माफी," ती म्हणाली. "लेखी नको. तोंडी चालेल, पण खालपर्यंत ऐकू जाऊ दे."